ठकूनं कामाला लावलेले देव

फार वर्षांपूर्वी, धोंडमाळच्या डोंगरावर माणसांपेक्षा देव जास्त झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची असेल तर नीट बसा, आणि मधेच 'असं कसं होईल?' म्हणून विचारू नका. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचाही पारा चढतो. नाकासमोरची गोष्ट ज्या गावाला दिसत नाही, त्या गावाची हकिकत शांतपणे सांगणं कुणाला जमलेलं नाही.

धोंडमाळ वसलंय डोंगराच्या उतारावर. वर कातळाचा कडा, खाली ओढा आणि मधे वावरं. पूर्वी कड्याखाली दाट रान होतं, असं म्हणतात. मग घरांना वासे हवेत म्हणून थोडं तोडलं, चुलीला जळण हवं म्हणून थोडं तोडलं, आणि नाचणी पेरायला जागा हवी म्हणून उरलंसुरलं तेही तोडलं. पहिली काही वर्षं नाचणी अशी माजली की आत शिरलेली म्हैस सापडेना. गाव खूश. पाऊस पूर्वीचाच होता, उतारही पूर्वीचाच होता, फक्त मातीला धरून ठेवणाऱ्या मुळ्या गेल्या होत्या. श्रावणात ओढा गुळवणीसारखा तांबूस वाहायला लागला, तेव्हा लोक काठावर उभे राहून म्हणायचे, "यंदा पान्याला रंग काय चढलाय बघा!" आपलंच वावर आपल्या डोळ्यांदेखत वाहून चाललंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माती गेली तसे धोंडे दिसायला लागले. मातीच्या पोटात धोंडे असतातच. वरचं पांघरूण निघालं की ते उघडे पडणार. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बरं! पण धोंडमाळकरांनी उलटा हिशेब मांडला. गेल्या साली इथं काही नव्हतं, औंदा वीतभर धोंडा आहे, पुढल्या साली तो गुडघ्याला लागतो. म्हणजे धोंडा वाढतोय. आणि जो दगड आपोआप वाढतो तो साधा दगड कसा असेल? गावात सटवा नावाचा भगत होता, त्याच्या अंगात यायचं. त्यानं घुमून सांगितलं की डोंगराच्या पोटातले देव वर येतायत, गावाचं भाग्य उजळलं.

झालं. धोंड्याचं टोक दिसलं की तो नाकोबा. पाठ दिसली की पाठोबा. वाटोळा वर आला की गुडघोबा. प्रत्येकाला शेंदूर, प्रत्येकाला नैवेद्य. नांगर देवाला लागू नये म्हणून वळसा घालून हाकायचा, आणि देव तर दर साली नवे. होता होता वावरात नांगरापेक्षा वळसेच जास्त झाले. नाचणी वितीवर आली, भाकरी तळहाताएवढी झाली, तरी पाहुणे आले की गाव छाती फुगवून सांगायचं, "आमच्याकडं देव उगवत्यात."

ह्या गावात ठकू लग्न होऊन आली ती खालच्या खोऱ्यातून. तिच्या माहेरी पाय रुतेल अशी माती. दर पावसाळ्यात ओढा वरून आणखी गाळ आणून टाकायचा, आणि तिचे भाऊ तो पाट्या भरभरून शेतात न्यायचे. ठकू बोलायला फटकळ. गाव उभं म्हणालं की ही आडवं म्हणणार, म्हणून तिला सगळे आडवी ठकूच म्हणायचे. तिचा नवरा केरू मात्र अगदी थंड. त्याच्या तोंडात एकच शब्द, 'बघू'. छप्पर गळतंय म्हटलं तर बघू. बैल लंगडतोय म्हटलं तर बघू. ठकू म्हणायची, "यम दारात आला तरी ह्यो बघूच म्हनंल, आन यम कटाळून माघारी जाईल."

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. तिचं नाव जिऊ. जिऊ रांगायला लागली, भिंत धरून उभी राहायला लागली, आणि एका पावसाळ्यात तापानं गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. केरूनं वरच्या वावराच्या कोपऱ्यात खड्डा खणला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठकूनं आपल्या हातांनी वर एक चपटा दगड घातला. त्या दगडाच्या कडेला पहारीचा घाव बसलेला होता. दगडावर पुन्हा हातभर माती लोटली, आणि ती घरी आली. त्यानंतर किती तरी दिवस आडव्या ठकूनं कुणाशी भांडणसुद्धा केलं नाही.

असेच काही पावसाळे गेले. एका आश्विनात ठकू वावरात नाचणी कापत होती, तर सटवा भगत शेंदराची वाटी घेऊन हजर.

"ठके, नशीब काढलंस. तुझ्या रानात देव आला."

ठकू विळा टाकून बघायला गेली. कोपऱ्यात मातीतून एक चपटा दगड वर आला होता. त्याच्या कडेला पहारीचा घाव होता. ठकू त्याच्याजवळ खाली बसली. तिनं दगडावरून हात फिरवला आणि त्या घावात बोट घालून बघितलं.

"ह्यो देव न्हाई," ती म्हणाली. "ह्यो दगूड म्या ठेवलाय. ह्या हातांनी."

"तू खाली ठेवलावतास न्हवं? मंग वर कसा आला? वाढलाच की त्यो."

"वर न्हाई आला, मुडद्या! माती खाली गेली!"

"माती कुठं जाईल? मातीला काय पाय हाईत?" असं म्हणत भगतानं बोट शेंदरात बुडवलं.

असं म्हणतात की ठकूनं ती वाटी अशी भिरकावली की खालच्या वावरात चरणाऱ्या रेड्याचं एक शिंग लाल झालं, आणि तो मरेपर्यंत लालच राहिलं. भगत मागे वळून न बघता पळाला. ठकू मात्र तिथंच बसून राहिली. हातभर माती गेली कुठं, हे तिला आता दिसत होतं. वावरभर ओघळ होते, पावसाच्या पाण्यानं बोटं ओढावीत तसे, आणि सगळे खाली ओढ्याकडे गेले होते. तिचे भाऊ पाट्या भरून नेत होते ती हीच माती. जिऊच्या अंगावर आता एक दगड तेवढा उरला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात तोही सरकणार होता.

दुसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली. गावचे पाटील सुभानराव, माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवायचा नाही, सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, आणि शेवटी जे चाललंय तेच चालू ठेवायचा. अशा माणसांनी डोकं जास्त फिरतं.

"पाटील," ठकू म्हणाली, "उताराला आडवी ताल घालू. दगडांचा बांध. पानी अडंल, माती थांबंल."

"घालू की," पाटील म्हणाले. "पर दगूड कुठनं आणायचं?"

"वावरात ढिगानं पडल्यात की!"

पाटलांनी कानांना हात लावले. "अगं, ते देव हाईत."

"सगळंच?"

"सगळंच. आपल्या गावात दगूड असा ऱ्हायलाच न्हाई. न्हाई तर ताल घातली नसती व्हय?"

ठकूनं कपाळावर हात मारून घेतला. चारी बाजूंनी धोंड्यांनी भरलेलं गाव, आणि बांधाला दगड मिळत नाही! पाटील पुढे समजावणीच्या सुरात म्हणाले, की देव आता सगळंच रान मागतायत असं दिसतं. आणखी थोडी सालं काढू, मग गाव उठवून खोऱ्यात जाऊ. देवाची जागा देवाला देऊन टाकू. चावडीवरच्या सगळ्या माना डोलल्या.

"आन माजी जिऊ?" ठकूनं विचारलं.

एक म्हातारा म्हणाला, "ती देवाच्या कुशीत हाय, पोरी."

"ती मातीच्या कुशीत हाय," ठकू ओरडली, "आन ती माती ओढ्याला चाललीया! तुमी जावा खोऱ्यात न्हाई तर काशीला. म्या हितनं हलायची न्हाई."

घरी येऊन तिनं केरूला सांगितलं. केरू म्हणाला, "बघू." तेव्हा तिनं पहार उचलली आणि ती एकटीच वावरात गेली.

पहिला निघाला नाकोबा. ठकूनं त्याच्याखाली पहार घातली, त्याला उलथा केला, आणि लोटत लोटत जिऊच्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला आणून बसवला. "नैवेद्य खाऊन नुसता जड झालायंस," ती त्याला म्हणाली. "देव हाईस न्हवं? मंग कामाला लाग. बस हितं, आन हललास तर याद राख." पाठोबा नीट बसेना तेव्हा त्याची आई काढली. एका लहानशा देवाला तिनं नुसत्याच सांधेभरीला कोंबलं आणि म्हणाली, "तुला नाव ठेवायलाबी कुनाला सवड झाली न्हाई, तवा गुमान ऱ्हा." असं म्हणतात की तिची बोलणी खाऊन दगडांना घाम फुटायचा, आणि सकाळी तालीला हात लावला तर ती ओली लागायची. दव पडतं म्हणून ओली लागते, हे काय सांगायला पाहिजे? पण लोकांना घामच आवडतो.

गाव बांधावर बसून वाट बघत होतं. देवाला पहार लावली, आता ठकूचे हात झडणार. हात झडले नाहीत. मग म्हणाले, डोळे जाणार. डोळे गेले नाहीत. उलट तिची गाय व्याली आणि कालवड झाली. तेव्हा भगतानं सांगितलं की देव दयाळू आहे, शिक्षेच्या आधी थोडं सुख दाखवतो. आता ह्यावर माणसानं बोलावं तरी काय?

चैत्र-वैशाखात ठकूनं ताल पुरी केली, उताराला आडवी, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. कमरेएवढी उंच आणि कुठं फट म्हणून नाही. मृग आला, तालीमागे पाणी साठलं, आणि ठकू सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हसली. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आला. पाणी वाढत वाढत काठोकाठ आलं, त्याला जायला वाट नव्हती, आणि भरदुपारी ताल पोटातून फुटली. नाकोबा, पाठोबा सगळे गडगडत ओढ्यात गेले. मागची मातीही गेली. ठकू धावत जाऊन जिऊच्या दगडावर पालथी पडली, आणि पाऊस थांबेपर्यंत तिनं ती जागा सोडली नाही. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होतं आणि ती दगडाला मिठी मारून पडली होती.

पाऊस थांबल्यावर गाव बघायला आलं. "देव रुसून चालते झाले," भगत म्हणाला, आणि लोकांनी 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असा चेहरा केला. तो चेहरा तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. ठकू चिखलात बसून रडली. जिऊ गेली तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. पावसाला शिव्या दिल्या, डोंगराला दिल्या, आणि स्वतःच्या अकलेला सगळ्यांत जास्त दिल्या.

लोक पांगल्यावर केरू तिच्या शेजारी येऊन बसला. तंबाखू मळता मळता म्हणाला, "म्या बगत हुतो."

"बगच तू! जन्मभर बगच!"

"अगं, ऐक तरी. पानी एकदम न्हाई फुटलं. आदी लई येळ त्या उजव्या कडंला चाचपडत हुतं, वाट हुडकत. तिकडं खाली कातळ हाय, तिकडनं गेलं असतं तर काय बी वाहून गेलं नसतं. तू फटच ठेवली न्हाईस. बिचारं जाईल कुठं?"

ठकू रडायची थांबली. इतक्या वर्षांत नवरा एका दमात एवढं बोलला नव्हता. बघू बघू म्हणणारा हा माणूस खरंच बघत होता, हे तिच्या ध्यानात आलं, आणि आपण कधी विचारलंच नाही ह्याचाही तिला राग आला. पाण्याला नुसतं 'जाऊ नको' म्हणून चालत नाही, त्याला दार ठेवावं लागतं, हे त्या दिवशी त्या दोघांना कळलं. त्या दाराला आज आपण सांडवा म्हणतो.

पाऊस उघडल्यावर ठकू माती शोधायला कड्याखाली गेली. जिऊवर घालायला निदान पाटीभर तरी माती हवी होती. तिथं उन्हापावसानं कातळाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते. पापुद्रा हातात चुरला की मुरूम, आणि मुरमात गवताचं मूळ शिरलं की चिमूटभर माती. दिवसभर खरवडून तिची ओंजळही भरली नाही. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. मातीचं नेमकं उलटं, येते मुंगीच्या पावलानं आणि जाते घोड्यावर बसून. "जरा हात चालव की, मेल्या!" ठकू डोंगरावर खेकसली. डोंगर आपल्या चालीनं उन्हात तापत राहिला, त्याला कसली घाई?

ती ओंजळ घेऊन खाली येत होती, तर वाटेत पाटलांची थोरली सून साळू उभी होती. पाटलांच्या घरातली बाई अशी एकटी वावरात कधी दिसायची नाही. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"ठकूबाई, माजं पोरगं तुमच्या शेजारच्या वावरात हाय. ठेवलं तवा म्याबी वर धोंडा घातला हुता. वाटोळा."

"मंग?"

"तितं आता गुडघोबा आलाय. मामंजी रोज त्याच्यावर दूध घालत्यात."

ठकूनं शेजारच्या वावरातल्या गुडघोबाकडे बघितलं. मग ती हातातली माती पदरात बांधत म्हणाली, "उचल त्याला."

साळूनं ते पाणवठ्यावर सांगितलं. पाणवठ्यावर सांगितलेलं सगळ्या गावभर व्हायला वेळ लागत नाही. आणि तेव्हा कळलं की धोंड्याखाली लेकरू नाही असं घर धोंडमाळमध्ये नव्हतंच. कुणाचं तान्हं, कुणाचं रांगतं, कुणाचं नाव ठेवायच्या आधीच गेलेलं, आणि प्रत्येकीनं आपल्या हातानं वर धोंडा घातलेला. पुरुषांनी खड्डे खणले होते आणि ते विसरले होते. कुठल्या देवाखाली कोण आहे, हे बायकांना पाठ होतं. इतकी वर्षं त्यांनी त्या देवांना हात जोडले होते, आणि एकीनंही दुसरीला विचारलं नव्हतं. ह्या बायकांचाही राग येतो, पण काय करणार, रडू पण येतं.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या झाडून साऱ्या बाया ठकूच्या वावरात आल्या. येण्याआधी आपापल्या लेकरावर कातळातल्या दगडांचे तुकडे आणि माती घालून त्यांनी जागा झाकल्या, आणि आपापल्या रानातला देव डोक्यावर घेऊन आल्या. पाटील धावत आले तर सगळ्यांच्या पुढे त्यांचीच सून, पाटीत गुडघोबा.

"साळू! खाली ठेव ते!"

"ठेवते की, मामंजी. तालीवर ठेवते."

"अगं, देव हाय त्यो!"

"तुमचा नातू हुता त्याच्याखाली," साळू म्हणाली. "आज म्या त्याला पुन्यांदा झाकून आले."

पाटलांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं आणि ते बांधावर बसले. दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन आले आणि एक शब्द न बोलता दगड उलथायला लागले. तेव्हा ठकू त्यांच्यावर ओरडली, "मुक्यानं दगूड बसत न्हाई, पाटील! बोला त्याला कायतरी!" पाटलांना शिव्या येत नव्हत्या. ते दगडाला म्हणाले, "बसावं जरा." तो दगड अजून डगडग हलतो, असं म्हणतात.

पाया खोल आणि रुंद घेतला, मधे मुरूम ठासला, आणि उजव्या कडेला कातळावर केरूनं सांगितला तसा सांडवा ठेवला. ताल जवळजवळ झाली होती. मधे एका बैलगाडीएवढं खिंडार राहिलं होतं, आणि तेवढ्यात आभाळ फाटलं. तसा पाऊस धोंडमाळनं आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. कड्यावरून तांबड्या पाण्याचे लोट सुटले ते थेट त्या खिंडाराकडे. लोक पळाले. खिंडारात ठकू उभी राहिली.

तिनं वर बघितलं. डोंगराच्या माथ्यावर थोरला देव होता, घराएवढा धोंडा, सगळ्या देवांचा बाप, आणि त्याला अजून कुणी हात लावला नव्हता. ठकूनं कमरेवर हात ठेवले आणि त्या पावसात त्याला जी बोलणी दिली ती खोऱ्यात तिच्या माहेरी ऐकू गेली, असं म्हणतात. "इतकी सालं नारळ खाल्लंस, कोंबडं खाल्लंस! लेकरं वाहून चालल्यात आन तू वर बसून बगतोस? लाज वाटत असंल तर ऊठ!"

आणि थोरला देव उठला. डोंगर गदगदला, आणि तो घराएवढा धोंडा गडगडत, चिखल उडवत खाली निघाला, वाटेतल्या एका झोपडीला धक्का न लावता, आणि ठकूच्या पुढ्यात हातभरावर येऊन थांबला. ठकूनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जरा डावीकडं." तो डावीकडे सरकला. खिंडार बुजलं. ही गोष्ट सटवा भगतानंच पुढे गावोगाव सांगितली. थोरल्या देवाच्या पायाखालची मातीही पाण्यानं कधीच पोखरलेली होती, हे मात्र त्यानं कुठं सांगितलं नाही. सांगू नये, तुम्हीही सांगू नका. तो डावीकडे सरकला कसा ह्याचं उत्तर तेवढ्यानं मिळत नाही.

मग ते तांबडं पाणी तालीशी आलं आणि अडलं. पळताना धरला गेलेला चोर गाठोडं टाकतो, तशी त्यानं सगळी माती तालीमागे टाकली, आणि सांडव्यातून मुकाट्यानं खाली उतरून गेलं. ओढ्याकाठी उभ्या असलेल्यांनी पाहिलं, पाणी नितळ होतं. दुपार सरता सरता पाऊस उघडला तेव्हा जिऊच्या दगडावर वीतभर नवी माती होती. ठकूनं ती हातानं सारखी केली, थोपटली, आणि केरूला म्हणाली, "बगा." केरू म्हणाला, "बगितलं."

गाव उठलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला आणखी ताली झाल्या, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आणखी. देव पुरेनासे झाले, तेव्हा बांधांवर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. आज धोंडमाळचा डोंगर खालून बघितला तर पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो. ठकू म्हातारी झाली, तेव्हा सटवा भगत पुन्हा शेंदराची वाटी घेऊन आला. त्याला दृष्टांत झाला होता की ठकू देवी आहे. ह्याला काय म्हणावं? ठकूनं वाटीकडे बघितलं, भगताकडे बघितलं, आणि सगळ्या गावाला बोलावून सांगितलं, "माज्या नावानं एक जरी दगूड उभा केलासा, तर भूत हुईन आन एकेकाच्या मानगुटीवर बसंन. दगूड मिळाला तर तालीला लावा." ठकू बोललेलं करून दाखवते, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून तिचं देऊळ नाही, समाधी नाही, शेंदूर लावलेला धोंडा नाही. ती तालीत शिरून दगड झाली असंही बाहेरगावचे लोक सांगतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

धोंडमाळला अजून वैशाखात एक दिवस ठकूची बोलणी असतात. त्या दिवशी सगळं गाव तालींवर जातं, निसटलेला दगड जागी बसवतं, सांडवा मोकळा करतं, आणि प्रत्येक दगडाला तोंडभरून बोलतं. दगडाला बोलता बोलता पाण्याला बोलतात, जावेला बोलतात, सरपंचाला बोलतात, आणि त्या दिवशी बोललेलं कुणी मनात ठेवायचं नाही. मुकाट्यानं बसवलेला दगड काढून पुन्हा बसवायला लावतात.

आणि पहिल्या तालीमागची ती जागा, जिथं माती कधी कमी होत नाही, दर पावसाळ्यात थोडी वाढतेच, तिला ठकूची ओटी म्हणतात. तिथं नांगर घालत नाहीत. धोंडमाळमध्ये एखादं लहान लेकरू गेलं, तर त्याला पुरलं असं कुणी म्हणत नाही. बाया त्याच्या आईला धरून तिथपर्यंत नेतात, आणि परत आल्यावर घरच्यांना सांगतात, ठकूच्या ओटीत घातलं.